आकड्यामागचे नाव : लष्करी अभिलेखांच्या डिजिटायझेशनचा इतिहास



डेटाबेसच्या तासाला दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला एक ब्राँझची चकती आणून दाखवली. सुमारे १२ सेंटीमीटर व्यासाची, हातात चांगलीच जड. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकार अशी चकती पाठवत असे. तिच्यावर नाव उठावाच्या अक्षरांत असते, हुद्दा किंवा पलटण नसते. त्याच्या घरी ती देव्हाऱ्यात होती. खापरपणजोबा ‘बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत’ एवढेच घरात ठाऊक होते. युद्धस्मारक आयोगाची नोंदसूची इंटरनेटवर खुली आहे, हे त्याने ऐकले होते. त्याने आपले आडनाव आज जसे लिहितात तसे, ‘जाधव’, इंग्रजीत शेवटी ‘व्ही’ घालून टाइप केले. जे निकाल आले त्यांत खापरपणजोबा नव्हते. ‘सर, आमची नोंदच नाही,’ असे म्हणत तो आला होता.

नोंद नव्हती असे नाही. पण ती का सापडली नाही हे समजण्यासाठी आधी ती कशी तयार झाली ते पाहावे लागते. या टिपणात मी तोच प्रवास मांडणार आहे. लष्करी दप्तर संगणकावर आणणे म्हणजे जुन्या कागदांचे फोटो काढणे, असा समज बऱ्याच जणांचा असतो. माझाही होता. कॅमेरा लागतोच, पण तो या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे.

कागद कसा तयार होत असे

ब्रिटिश व हिंदी सैन्यातील प्रत्येक पलटणीला मोहिमेवर असताना रोजची युद्धदैनंदिनी ठेवावी लागे. १९०९च्या फील्ड सर्व्हिस रेग्युलेशन्समध्ये तसा नियमच होता आणि तिच्यासाठी सी २११८ क्रमांकाचा छापील फॉर्म होता. रकाने साधे : ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडींचा सारांश, शेरा. पलटणीचा अ‍ॅडज्युटंट किंवा दुसरा एखादा अधिकारी ती भरत असे, पुष्कळदा पेन्सिलने आणि कार्बन घालून.

ही दैनंदिनी वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. अधिकारी जखमी झाला तर त्याचे नाव लिहिले जाई. शिपाई जखमी झाले तर आकडा : ‘इतर हुद्दे, दोन जखमी’. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचे होते, कारण शिपायांची नावे वेगळ्या याद्यांत जात. पण पुढे त्या याद्या आणि दैनंदिनी यांची ताटातूट झाली, की दैनंदिनीत उरतो तो फक्त आकडा.

आता मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे येऊ. जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर ही डिव्हिजन मागे फिरली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक शरण गेले. त्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई आणि सैन्याबरोबरचे नोकरचाकर होते. युद्धकैदी म्हणून चालत नेताना आणि नंतर रेल्वेच्या कामावर त्यांतले हजारो मेले. कोण कुठे मेले याचा कागद अनेकांच्या बाबतीत तयारच झाला नाही. ‘बसऱ्याला गेले’ या घरगुती वाक्यात हे सगळे येते, कारण त्या मोहिमेवर जाणारा जवळपास प्रत्येक जण बसरा बंदरातच उतरत असे.

ज्यांची कबर सापडली नाही अशांचे स्मारक बसऱ्याला उभारले गेले आणि २७ मार्च १९२९ रोजी त्याचे अनावरण झाले. ते ४०,५००हून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. पण त्याच्या शिलापटांवर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या कोरली. म्हणजे दैनंदिनीतली ‘इतर हुद्दे’ ही पद्धत दगडावरही उतरली. आपल्याकडे गावोगावी ज्या संगमरवरी पाट्या आहेत, ‘या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, इतके कामी आले’ अशा, त्यांचीही तऱ्हा तीच. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथला आकडा ४६ आहे.

युद्धस्मारक आयोगाने एप्रिल २०२१मध्ये स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मान्य केले, की पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांना असमान वागणूक मिळाली आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावाने नोंद झाली नाही किंवा काहीच स्मृती राखली गेली नाही. हे बहुतांशी आफ्रिका, आशिया व मध्यपूर्वेतील लोक होते. डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर हा गहाळ डेटा नव्हे. तो मुद्दाम न भरलेला रकाना आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोहोंतला फरक कधी विसरू नये.

दोन आगी

कागद एकाच जागी असला की काय होते, याची दोन उदाहरणे जगभरच्या अभिलेखपालांच्या तोंडी असतात.

पहिले लंडनचे. ब्रिटिश सैनिकांची पहिल्या महायुद्धातील वैयक्तिक सेवापत्रके आर्नसाइड स्ट्रीटवरील गोदामात होती. सप्टेंबर १९४०च्या बाँबहल्ल्यात ते गोदाम पेटले आणि सुमारे ६० टक्के कागद गेले. जे वाचले ते कडा जळालेले आणि पाण्याने भिजलेले. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांना आजही ‘जळके दस्तऐवज’ म्हणतात. ते हाताळण्याजोगे नसल्याने आधी मायक्रोफिल्म करावी लागली आणि मग त्या फिल्मवरून डिजिटल प्रती निघाल्या. हिंदी शिपायांची पत्रके या आगीत जळली नाहीत, कारण ती तिथे नव्हतीच. शिपायाचा शीट रोल आणि पलटणीचा लाँग रोल हिंदुस्थानातच, रेजिमेंटच्या डेपोत राहत असे. पुढे पलटणींची पुनर्रचना झाली, मग फाळणी झाली, आणि त्या कागदांचे नशीब त्या त्या डेपोबरोबर गेले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील सेंट लुईसचे. १२ जुलै १९७३ रोजी तिथल्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. इमारतीच्या त्या भागात पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. आग पूर्ण विझायला चार दिवसांहून अधिक लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापत्रके नष्ट झाली. १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून निवृत्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के जणांची. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती आणि सूचीही नव्हती. म्हणजे नेमके कोणाचे काय जळले हेही सांगता येईना.

त्यानंतर काय केले ते आपल्या कामाचे आहे. ओले कागद विमाननिर्मिती कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवले गेले. जळालेल्या नोंदींच्या जागी पगाराची व्हाउचरे, रोजच्या हजेरीचे अहवाल, इस्पितळांच्या याद्या असे बाजूचे कागद जुळवून सैनिकाची सेवा पुन्हा सिद्ध करण्याची पद्धत बसवली. निवृत्तिवेतन त्यावर अवलंबून होते, तेव्हा ही केवळ इतिहासाची हौस नव्हती. एक माणूस पाच वेगवेगळ्या कागदांत पाच प्रकारे लिहिलेला असतो आणि ते पाचही एकच आहेत हे ठरवावे लागते. आपल्या विषयात याला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात. हे काम आपण संगणकाकडून करून घेतो, सेंट लुईसच्या कारकुनांनी ते हाताने केले.

(डिजिटल झाले म्हणजे आगीची भीती संपली असे समजू नका. एका संस्थेत मला जुन्या सीडींचे कपाट दाखवले होते. स्कॅनिंगवर बराच खर्च झाला होता. बहुतेक सीडी उघडल्याच नाहीत. तिथे आग लागली नव्हती, फक्त वर्षे गेली होती. किमान तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आणि दरवर्षी चेकसम पडताळणे, एवढे तरी कराच.)

स्कॅन झाले, पुढे काय?

युद्धाला शंभर वर्षे होत असताना, २०१४मध्ये, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने डब्ल्यूओ ९५ या मालिकेतील युद्धदैनंदिन्या इंटरनेटवर आणायला सुरुवात केली. पश्चिम आघाडीच्या दैनंदिन्यांची पाने सुमारे १५ लाख. ती कोण वाचणार? त्यासाठी ‘ऑपरेशन वॉर डायरी’ हा लोकसहभागाचा प्रकल्प निघाला. पान पडद्यावर यायचे आणि स्वयंसेवकाने त्यावरील तारीख, ठिकाण, व्यक्ती, घडामोड यांवर खूण करायची. एकच पान अनेक जणांना दाखवून ज्यावर एकमत होईल ती खूण ग्राह्य धरायची. पद्धत उत्तम. पण ज्या पानावर ‘इतर हुद्दे, दोन जखमी’ असे लिहिले आहे, तिथे दहा स्वयंसेवक बसवले तरी नाव निघणार नाही. शोधखिडकी कितीही चांगली बांधा, तिच्यातून अधिकारीच सापडतात.

म्हणून लाहोरचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९१९मध्ये पंजाब सरकारने युद्धावर गेलेल्यांची जिल्हावार आणि गाववार नोंदपुस्तके तयार केली होती. सुमारे २६,००० पाने आणि ३,२०,००० सैनिक. ती लाहोर संग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे कोणी न उघडता पडून होती. युके पंजाब हेरिटेज असोसिएशन आणि ग्रिनिच विद्यापीठ यांनी ती संगणकावर आणली. नोव्हेंबर २०२१मध्ये पहिले तीन जिल्हे खुले झाले : जालंधर, लुधियाना, सियालकोट. त्यांतले पहिले दोन आज भारतात आहेत, तिसरा पाकिस्तानात, आणि नोंदी शोधणाऱ्यांतले कित्येक जण इंग्लंड-कॅनडात. या पुस्तकांचे वैशिष्ट्य त्यांच्या मांडणीत आहे. पलटण माहीत नसली तरी चालते, गाव माहीत असले की पुरे. घरातल्या माणसाला पलटणीचा क्रमांक आठवत नाही, गाव आठवते. १९१९च्या कारकुनाने निवडलेली ही ‘की’ शंभर वर्षांनी उपयोगी पडली.

भारतात राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल आहे, तिथे लष्करी विभागाच्या जुन्या फायलींच्या सूची आणि अनेक स्कॅन मिळतात. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांचा प्रश्न वेगळा आहे. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि १९९७चे नियम असूनही लष्करी कागद अभिलेखागारात क्वचितच येत. जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले, की युद्धदैनंदिन्या, कारवाईची पत्रे वगैरे मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे द्यावीत, मोहीम संपल्यापासून पाच वर्षांत तिचा इतिहास संकलित व्हावा आणि साधारणपणे २५ वर्षांनी कागद खुले व्हावेत. त्याची शिफारस कारगिल आढावा समितीने आधीच केली होती. १९६२च्या पराभवावरील हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल मात्र सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. जो कागद कपाटाबाहेरच येत नाही त्याला कोणतेही तंत्रज्ञान मदत करू शकत नाही, तेव्हा हा विषय इथेच सोडतो.

जाधव, सावंत, शिंदे आणि मोरे

आता विद्यार्थ्याच्या शोधाकडे. मी त्याला चकती पुन्हा नीट वाचायला सांगितली. तिच्यावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग होते जे-ए-डी-एच-ए-ओ. शेवटी ‘व्ही’ नाही, ‘ओ’. त्या काळी पलटणीचा कारकून असेच लिहीत असे, आणि ‘जाधव’चा उच्चार ज्याने खेड्यात ऐकला आहे त्याला त्यात वावगे वाटणार नाही.

तुमच्यातला कोणी म्हणेल, यासाठी साउंडेक्स आहे ना! आहे. १९१८मध्ये अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट घेतले गेले आणि आज बहुतेक डेटाबेस प्रणालींत ती तयार मिळते. पहिले अक्षर तसेच ठेवायचे. स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्यांना अंक द्यायचे : बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एल ला ४, एम, एन यांना ५, आर ला ६. अंक तीन होईपर्यंत शून्ये भरायची.

करून पाहू. शेवटी ‘व्ही’ असलेला जाधव : जे-३१०. शेवटी ‘ओ’ असलेला जाधव : जे-३००. एकच आडनाव, दोन कोड. आता ‘शिंदे’ घ्या : एस-५३०. ‘सावंत’ घ्या, शेवटी ‘टी’ : तोही एस-५३०! दोन वेगळी घराणी, एकच कोड. म्हणजे जे एक आहे ते या पद्धतीने वेगळे केले आणि जे वेगळे ते एक केले. पद्धत वाईट नाही, ती इंग्रजी वळणाच्या नावांसाठी बनवली आहे एवढेच. (पवार मात्र ‘डब्ल्यू’ घालून लिहा, पी-६००च येतो. पवारांचे नशीब चांगले.)

‘मोरे’ आडनावाची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग ‘अधिक’ या अर्थाच्या शब्दाचेच. इंग्रजी मजकूर शोधणाऱ्या यंत्रणांत ‘अँड’, ‘द’ अशा बिनकामाच्या शब्दांची स्टॉपवर्ड यादी असते, ते शब्द सूचीत घेतलेच जात नाहीत. अनेक याद्यांत हा शब्दही असतो. म्हणजे मोरे आडनावाचा शिपाई पानावर स्पष्ट अक्षरांत लिहिलेला असूनही शोधात कायमचा अदृश्य. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. यादी बनवणाऱ्याला मोरे माहीत नव्हते.

पलटणींच्या नावांचेही तसेच. १९२२च्या पुनर्रचनेत १०३वी, १०५वी, ११०वी, ११६वी आणि ११७वी या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. त्यांतली तिसरी, म्हणजे मूळची ११०वी, पुढे छत्रीधारी बनली आणि १९५२मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. एकाच पलटणीची ही तीन नावे तीन कपाटांत असतात. तक्त्यात पलटणीचे नाव हीच ‘की’ ठेवली तर धागा तुटला. पलटणीला स्वतंत्र ओळखक्रमांक द्या, आणि नावे ‘कधीपासून कधीपर्यंत’ या तारखांसह वेगळ्या तक्त्यात ठेवा.

व्यक्तीच्या नावासाठी मी विद्यार्थ्यांकडून तीन थर करून घेतो. पहिला : कागदावर जसे आहे तसेच, चूक वाटली तरी न बदलता. दुसरा : त्याची देवनागरीतील शक्य रूपे, एकापेक्षा जास्त चालतील, कारण इंग्रजी ‘के-ए-एल-ई’ काळेही असू शकतो आणि कालेही. शोध या थरावर चालवायचा. तिसरा : ही नोंद आणि ती नोंद एकाच माणसाची आहे असे कोणी, कधी, कशावरून म्हटले. पहिला थर ‘दुरुस्त’ करण्याचा मोह प्रत्येक तुकडीत कोणाला तरी होतो. तो ‘ओ’चा ‘व्ही’ केला असता, तर देव्हाऱ्यातली चकती आणि दप्तरातली नोंद यांना जोडणारा एकमेव दुवा आपणच पुसून टाकला असता.

चकतीवरचे स्पेलिंग टाकल्यावर नोंदी आल्या. बसऱ्याच्या शिलापटांवर जी नावे नाहीत ती आयोगाच्या रजिस्टरांत होती, आणि १९९८मध्ये नोंदसूची इंटरनेटवर आल्यापासून ती घरबसल्या दिसू शकतात. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही असते, इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. खापरपणजोबांच्या नावाचे दोन जण निघाले, दोघेही मराठा पलटणींतले. एकाच्या नोंदीत वडिलांचे नाव आहे आणि तालुका जुळतो, पण गाव दुसरेच लिहिले आहे. दुसऱ्याच्या नोंदीत क्रमांक आणि तारीख सोडून काही नाही. विद्यार्थ्याच्या आजीने सांगितले, की त्यांचे मूळ घर दोन पिढ्यांपूर्वी शेजारच्या गावात होते. हे त्याने तिसऱ्या थरात लिहून ठेवले आहे : आजीचे नाव, तारीख, आणि शेरा ‘संभाव्य, सिद्ध नाही’. दुसरी नोंदही त्याने खोडलेली नाही. लाँग रोल पाहायला मिळावा म्हणून त्याने अर्ज केला आहे.

स्वाध्याय

तुमच्या आडनावाची जुन्या कागदांतली (सातबारा, शाळेचा दाखला, मतदारयादी) किमान तीन इंग्रजी स्पेलिंगे गोळा करा आणि प्रत्येकाचा साउंडेक्स कोड हाताने काढा. ते वेगळे आले तर का आले ते लिहा. मग तुमच्याशी काही संबंध नसलेले पण तोच कोड येणारे एक आडनाव शोधा.

तुमच्या किंवा जवळच्या गावात महायुद्धाची पाटी असेल तर तिचा फोटो घ्या. किती गेले आणि किती कामी आले हे दोन्ही आकडे उतरवून घ्या. नंतर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या आकड्यांतली जेवढी नावे मिळतील तेवढी देवनागरीत लिहा, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले तेही.